दुसरीतल्या मुलांची कॉगॅटची तयारी घरच्या घरी कशी घ्यायची

अमेरिकेत बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये गिफ्टेड प्रोग्रॅमसाठी, म्हणजे हुशार मुलांच्या खास वर्गांसाठी, दुसरीतल्या सगळ्या मुलांची कॉगॅट (CogAT, विचार करायची क्षमता बघणारी परीक्षा) घेतात, आणि शाळेचा ईमेल आला की आपल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच कुठलं पुस्तक घेऊ, कुठला क्लास लावू सुरू होतं. माझं मत स्पष्ट आहे, सात-आठ वर्षांच्या पोराला यासाठी क्लास नको. प्रश्न कसे दिसतात हे त्याला माहीत पाहिजे आणि "हेच उत्तर का?" हे तोंडाने सांगायची सवय पाहिजे. एवढं घरी आरामात होतं.

आधी शाळेला विचारून घ्या की परीक्षा नक्की कुठली, लेव्हल कुठली, कागदावर की कॉम्प्युटरवर. काही ठिकाणी एन-एन-ए-टी (NNAT) नावाची दुसरी परीक्षा घेतात, त्यात सगळे आकृत्यांचेच प्रश्न, मग बाकीची तयारी फुकट जाते. कॉगॅट असेल तर दुसरीला साधारण लेव्हल ८ असते, १५४ प्रश्न, शब्द, आकडे आणि आकृत्या असे तीन भाग आणि प्रत्येकात तीन प्रकार. एका बैठकीत सगळं घेत नाहीत. या लेव्हलला मुलांना वाचावं लागत नाही, बहुतेक सगळी चित्रंच असतात.

फक्त एका प्रकारात इंग्रजी वाक्य ऐकून चित्र निवडायचं असतं आणि आपली मुलं तिथे अडकू शकतात. डोकं चालत नाही म्हणून नाही हो, घरात आपण कलथा, किसणी, बिजागरी, खराटा म्हणतो आणि त्याचं इंग्रजी नाव त्यांच्या कानावर कधी पडलेलंच नसतं. म्हणून घरचं मराठी बंद करू नका, प्लीज. स्वयंपाकघरात, गराजमध्ये वस्तू हातात घेतली की दोन्ही नावं सांगा, बास.

जोड्यांचे प्रश्न गाडीत बसल्या बसल्या मराठीतच करा. पक्षी–घरटं, तसं वाघ–? पोरगं "जंगल" म्हणालं तर लगेच चूक म्हणू नका, का ते विचारा, कारण त्याचंही काहीतरी लॉजिक असतं, ते ऐकून घ्या आणि मग म्हणा की घरटं म्हणजे पक्ष्याची राहायची जागा, मग वाघाची नेमकी जागा कुठली, आणि ते स्वतःच "गुहा" पर्यंत येतं. हे बोलणं म्हणजेच खरी तयारी, वर्कशीटच्या गठ्ठ्याने ते होत नाही.

आकड्यांमध्ये आगगाडीची चित्रं असतात, दोन गाड्यांत माल सारखा व्हायला हवा आणि एका डब्यात किती ते शोधायचं. घरी राजम्याचे दाणे आणि वाट्या घ्या, एका बाजूला ३ आणि ४, दुसऱ्या बाजूला ५ आणि एक रिकामी वाटी. दोन्हीकडे सारखं व्हायला रिकामीत किती टाकू? मण्यांच्या माळांचे प्रश्नही असतात, पुढच्या तारेवर किती मणी येतील असे, ते मुलांना पटकन जमतात.

आकृत्यांच्या भागात सगळ्यात जास्त गोंधळ कागदाच्या घडीच्या प्रश्नांत होतो, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल ते ओळखायचं असतं. चौकोनी कागद घ्या, मधून एक घडी घाला, पंचिंग मशीनने एक भोक पाडा आणि उघडायच्या आधी मुलाला दुसऱ्या कागदावर भोकं कुठे येतील ते काढायला सांगा, मग उघडा. जमलं की दोन घड्या. एकच कोपरा दुमडून जिथे कागदाचा एकच थर आहे तिथे भोक पाडून बघा, बहुतेक मुलं दोन भोकं काढतात, उघडल्यावर एकच दिसतं आणि त्यांचं त्यांनाच कळतं की आधी थर मोजायचे असतात. हे चित्रात बघून कळत नाही, हातानेच करावं लागतं.

वेळ म्हणाल तर परीक्षेआधी महिना-दीड महिना, आठवड्यातून तीन-चार दिवस, पंधरा-वीस मिनिटं भरपूर झाली. घड्याळ लावून बसवू नका. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा येत नसेल तर जमतील तेवढे पर्याय बाद करून उरलेल्यातला एक निवडायचा, प्रश्न रिकामा सोडायचा नाही, हे मात्र नक्की सांगून ठेवा. पेपर कागदावर असेल तर ओळीवर बोट ठेवून गोल भरायची प्रॅक्टिस द्या. आधी परीक्षा दिलेल्या मुलांकडून प्रश्न काढून घ्यायचा उद्योग अजिबात करू नका. मुलाला "शाळेत कोडी सोडवायचीत" एवढंच सांगा, "गिफ्टेड" हा शब्द त्याच्यासमोर नकोच.

रिझल्टमध्ये पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे त्याच वयाच्या साधारण ९० टक्के मुलांपेक्षा स्कोअर वर, आणि वय महिन्यापर्यंत धरतात. वयाप्रमाणे जो स्टँडर्ड स्कोअर देतात त्याची सरासरी १०० असते, त्यामुळे ११० बघून तोंड पाडू नका. कटऑफ प्रत्येक डिस्ट्रिक्टचा वेगळा, कुठे शिक्षकांचं मतही धरतात. थोडक्यात हुकलं तर अपील करता येतं का, पुढच्या वर्षी परत बसता येतं का आणि शेवटची तारीख कोणती, हे ईमेल करून त्याच आठवड्यात विचारा.