विद्यापीठाच्या डिजिटल परिवर्तनात बिझनेस अ‍ॅनालिस्टने काम कसे करावे

विद्यापीठातील प्रकल्पावर रुजू झालेल्या बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या, म्हणजे कामाच्या गरजा समजून घेऊन त्या नव्या प्रणालीसाठी मांडणाऱ्या व्यक्तीच्या, हाती पहिल्याच आठवड्यात बहुधा नव्या प्रणालीत हव्या असलेल्या सुविधांची लांबलचक यादी पडते. ती यादी काही दिवस बाजूला ठेवावी आणि एका विद्यार्थ्याचा प्रवास प्रवेश अर्जापासून पदवी प्रमाणपत्रापर्यंत कागदावर मांडावा. त्याची माहिती कोणत्या टेबलावर पुन्हा भरली जाते, कोणाच्या सहीसाठी ती थांबते आणि शुल्क भरल्याची नोंद परीक्षा विभागापर्यंत कशी पोहोचते, हे यादीतून कळत नाही.

सरळ मार्गाने जाणारा विद्यार्थी निवडला तर मात्र फारसे काही हाती लागणार नाही. मध्येच शाखा बदललेला, दुसऱ्या विद्यापीठातून श्रेयांक घेऊन आलेला किंवा पुनर्मूल्यांकनानंतर निकाल बदललेला विद्यार्थी घ्यावा, कारण प्रणाली अडते ती अशाच प्रकरणांत. ही प्रकरणे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याशेजारी दोन दिवस बसावे. बैठकीत तो नियम सांगतो, टेबलावर प्रत्यक्ष रीत दाखवतो. त्याने स्वतःसाठी ठेवलेली एक्सेलची फाइल आवर्जून पाहावी, कारण तिच्यातील प्रत्येक जादा रकाना म्हणजे मूळ प्रणालीने न भागवलेली एक गरज असते. अशी फाइल ठेवल्याबद्दल त्याला दोष देऊ नये, नाहीतर पुढची फाइल तो दाखवणार नाही.

यानंतर प्रत्येक नियमापुढे तो कोठून आला हे लिहावे. काही नियम विद्यापीठाच्या विनियमांत असतात आणि ते बदलण्यासाठी विद्यापरिषदेसारख्या मंडळाची मंजुरी लागते. काही विभागाच्या परिपत्रकातून आलेले असतात. काही मात्र निव्वळ सवयीचे असतात. तीन प्रतींत अर्ज घेण्याची पद्धत बहुधा तिसऱ्या प्रकारात मोडते. विद्यापीठात अधिकार विखुरलेला असल्यामुळे ‘हे कोणाला हवे आहे’ या प्रश्नाइतकाच ‘हे कोण बदलू शकते’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सध्याची आणि अपेक्षित कार्यपद्धती दाखवण्यासाठी बीपीएमएन ही कामाचे टप्पे आकृतीत मांडण्याची चिन्हपद्धती सोयीची आहे, तिची २.० ही आवृत्ती २०११ मध्ये आली. प्राध्यापकांसमोर मात्र तिची मोजकीच चिन्हे वापरावीत, कारण चिन्हांवर चर्चा सुरू झाली की कामावरची थांबते. गरज लिहिताना ती तपासता येईल अशी लिहावी. ‘निकाल लवकर मिळावा’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘परीक्षा विभागाने निकाल मंजूर केल्यानंतर विद्यार्थ्याला तो आपल्या खात्यात दिसावा, आणि मंजुरीपूर्वी विभागप्रमुखालाही तो बदलता येऊ नये’ या वाक्यावर चाचणी बेतता येते. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठीची सुगम्यता याच टप्प्यावर गरजांत यावी, डब्ल्यूसीएजी २.२ हा संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीचा २०२३ चा मापदंड त्यासाठी आधार म्हणून घेता येतो.

विदा स्थलांतराला, म्हणजे जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेण्याच्या कामाला, सगळेच कमी वेळ देतात. एकच विद्यार्थी ग्रंथालयात, वसतिगृहात आणि परीक्षा विभागात वेगवेगळ्या क्रमांकांनी, कधी नावाच्या वेगळ्या स्पेलिंगनेही नोंदलेला असतो. नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक यांची अधिकृत नोंद कोणत्या विभागाची मानायची, हे सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे.

वेळापत्रक शैक्षणिक दिनदर्शिकेवरून आखावे. प्रवेश आणि निकालाच्या काळात नवी प्रणाली सुरू करण्याचा आग्रह कोणीही धरला तरी मान्य करू नये. त्या वेळी चाचणीसाठी माणसेच मिळत नाहीत. शक्य असेल तर एक सत्र एकाच विद्याशाखेत जुनी आणि नवी पद्धत समांतर चालवून दोन्हींचे निकाल ताडून पाहावेत. प्रणाली सुरू झाल्यावर महिन्याभराने पुन्हा त्याच कर्मचाऱ्याच्या टेबलाशी जावे. त्याची एक्सेलची फाइल अजून भरली जात असेल, तर कोणते रकाने उरले आहेत ते उतरवून घ्यावे आणि पुढच्या टप्प्याच्या गरजांची सुरुवात तेथूनच करावी.