फोटो काढून झाला, आता पोच घ्या

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस पट्ट्यात एक सवय आहे. काही अडलं की पंधरा-वीस पोरं गाड्या काढतात, तालुक्याला जातात, साहेबांच्या हातात निवेदन देतात, सगळ्यांनी मिळून तो कागद धरलेला फोटो स्टेटसला पडतो आणि विषय तिथंच संपतो. आम्ही पण हेच केलेलं. चौदा मागण्या होत्या त्यात, ऊसदरापासून बिबट्यापर्यंत. तीन महिन्यांनी विचारायला गेलो तर कागदच सापडेना, आणि आमच्याकडं पोच नव्हती म्हणजे दिला होता हे पण सिद्ध करता येईना. फोटो मात्र होता, त्यात सगळे छान दिसत होते.

त्यानंतर जे डोक्यात शिरलं ते लिहितोय. गावात शेतीतच राहिलेल्या पोरांसाठी, आणि "त्यांच्यासाठी काहीतरी केलं पाहिजे" म्हणणाऱ्या सांगली-सातारा-पुण्यातल्या मंडळींसाठी पण.

मागणी एकच ठेवा, आणि ती अशी पाहिजे की जी एकट्याच्या खिशातून होणार नाही. "तरुण शेतकऱ्यांना पाठिंबा द्या" याला कुठलाही साहेब हो म्हणतो, वर चहा पाजतो. आम्ही नंतर फक्त ओढ्याचा गाळ धरला. कारण असं की नदीकाठच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं उसाला मोकाट पाणी दिलं, निचरा नाही, खालचं पाणी वर आलं, त्याच्याबरोबर क्षार वर आले आणि आता उन्हाळ्यात रानावर पांढरं फुटतंय. घरातला थोरला म्हणतो रान बिघडलं, धाकटा म्हणतो मी एमआयडीसीत जातो. भूमिगत पाईप टाकून निचरा करता येतो, पण त्या पाईपचं पाणी शेवटी ओढ्यातच सोडायचं असतं, आणि ओढाच भरलाय तर एकट्याने लाखभर घालून काय उपयोग? म्हणून ही मागणी सगळ्यांची होते. तुमच्याकडं, म्हणजे माण-खटावला किंवा जतला, ती वेगळी असणार. पाणंद (रानात जायचा रस्ता) असेल, बंधाऱ्याची दुरुस्ती असेल, नाहीतर भाजी विकायला जागा.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. खानापूर तालुक्यात येरळेवर बळीराजा धरण झालं ते ऐंशीच्या दशकातल्या चळवळीतून. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते, लोकांनी म्हटलं थोडी वाळू आम्हाला विकू द्या, त्या पैशात आम्हीच बंधारा बांधतो आणि पाणी भूमिहीनांसकट सगळ्यांना वाटून घेतो. मागणी नेमकी होती, आणि पैसा कुठून येणार हे पण त्यातच होतं.

आता पुरावा. माती परीक्षण करा, एकाच्या नाही, ओढ्याच्या दोन्ही बाजूच्या दहा-बारा गट नंबरांतल्या रानांचं. क्षारता (ईसी) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आली तर रान क्षारयुक्त, सामू (पीएच) ८.५ च्या वर गेला तर चोपणाकडं, म्हणजे सोडियम साचून घट्ट होणाऱ्या रानाकडं झुकलंय, हे दोन आकडे कागदावर असले की बोलण्याचा सूर बदलतो. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचारा, सातारकरांना बोरगाव आणि कालवड्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. सोबत गट नंबर, सातबारा आणि उन्हाळ्यातले रानाचे फोटो. फोटो काढायचाच असेल तर तो तिथं काढा.

आणि एक कडू गोष्ट, ठिबक न करता नुसता निचरा मागायला गेलात तर समोरचा साहेब बरोबर तिथंच पकडतो. आम्हाला पकडलं. त्याचं चुकलं नव्हतं, पाणी आम्हीच जास्त दिलंय. आधी ग्रुपमधल्या चार-पाच जणांनी ठिबक केलं, उसाचं पाचट (वाळलेला पाला) जाळायचं बंद केलं, मग गेलो तर बोलायला तोंड होतं.

मग ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. झेंडावंदन झालं की लोक पांगतात आणि रजिस्टर नंतर घरोघर सह्यांना फिरतं, हे सगळ्यांना माहितेय. कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. पण तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही, आणि खरे निर्णय तिथंच गुपचूप होतात, म्हणून तहकूब सभेची तारीख विचारून ठेवा. विषय नोटीस निघायच्या आधी लेखी द्या, भाऊसाहेबांकडं (ग्रामसेवक म्हणा, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आपल्याला भाऊसाहेबच). ऐनवेळी उठून बोललात तर "बघू" होतं. २ ऑक्टोबर सगळ्यात महत्त्वाची, पुढच्या वर्षाचा विकास आराखडा तिथून सुरू होतो, आराखड्यात नाही तर पैसा नाही. त्याआधीच्या महिला सभेत आई-वहिनींकडून पण तोच विषय मांडून घ्या, रानात त्याच जास्त असतात आणि त्यांचं बोलणं सरपंचांना टाळता येत नाही. पुण्यात राहणाऱ्यांनो, नाव अजून गावच्या यादीत असेल तर त्या दिवशी या, लाईक करण्यापेक्षा तुमचा हात वर झालेला जास्त कामाचा.

ठराव झाला की त्याची नक्कल घ्या. तो ठराव जोडून अर्ज करा, दोन प्रती, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर. हीच ती पोच. ओढा नेमका कुठल्या खात्याकडं येतो हे आधी विचारून घ्या, नाहीतर चार ऑफिसं फिरवतात.

महिन्याभरात हालचाल नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, १५० शब्दांत. "काम का केलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तरच येत नाही. "आवक नंबर अमुक, तारीख तमुक, या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्या" एवढंच लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आणि लोकशाही दिन, म्हणजे साहेब समोर बसून तक्रारी ऐकतात तो दिवस, विसरू नका, तालुक्याला तिसरा सोमवार, जिल्ह्याला कलेक्टर ऑफिसात पहिला सोमवार.

शहरातल्यांना एक सोपं काम सांगतो. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनाबाहेर आहे, शेतकरी आवाराबाहेर थेट विकू शकतो. अडतं ते जागेवर. तुमच्या कॉलनीतल्या, सोसायटीतल्या लोकांच्या सह्या घेऊन महापालिकेकडं नाहीतर नगरपालिकेकडं आठवड्यातून एक सकाळ शेतकऱ्यांना जागा मागा. गावाकडच्या पोरांनी मागितली तर फेरीवाल्यात धरतात, तिथल्या मतदारांनी मागितली की फाईल हलते.

झेंडे मात्र बाहेर ठेवा. आमच्या ग्रुपात दोन्ही पार्ट्यांची पोरं आहेत, निवडणुकीच्या दोन महिन्यांत ग्रुप म्यूट असतो, पण ओढ्याची फाईल ज्याच्याकडं आहे तो सगळ्यांचा फोन उचलतो असं ठरलंय. त्या फाईलची एक झेरॉक्स दुसऱ्याच्या घरी ठेवा, आमची पहिली फाईल पुरात गेली.