कपाटातला जॉब

यंदा आयटीआयत फिटर ट्रेडला नंबर लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. कागदपत्रं, गणवेश, 80 टक्के हजेरी हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच.

माझी आयटीआय तालुक्याची. वीस जणांच्या बॅचला चालू लेथ (लोखंड फिरवून कापायचं मशीन) एकच, दुसऱ्यावर गोणपाट. लोखंड यायला दिवाळी उजाडली. निदेशक भला माणूस, पण दोन युनिटं, म्हणजे दोन बॅचा, त्यांच्याच गळ्यात, वर निवडणुकीचं काम. प्रवेशाची फेरी बाकी असेल तर आधी वर्कशॉपमध्ये चक्कर मारा. भिंतीवरचे तक्ते सोडा, व्हाइस (लोखंड पकडायचे शिकंजे) मोजा. 'घराजवळची बरी' म्हणून ऑप्शन भरणाऱ्यांत मीही होतो.

तरी माझं खरं वाटोळं मीच केलं. मागच्या बॅचचे जॉब, म्हणजे सरावाला घासून बनवलेले लोखंडी तुकडे, कपाटात पडलेले असायचे. पॉलिश पेपर मारायचा, त्यावरचा जुना रोल नंबर घासून आपला ठोकायचा, सही घ्यायची. स्क्वेअर फायलिंग (तुकडा काटकोनात घासणं) असंच दिलं, मेल-फिमेल फिटिंगही (एकमेकांत बसणारे दोन तुकडे). थिअरी ऑब्जेक्टिव्ह, गाइड पाठ केलं की निघते. प्रॅक्टिकलला शेजाऱ्यानं सांभाळून घेतलं, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

मग वाळूज एमआयडीसीत अप्रेंटिस लागलो. तिसऱ्याच दिवशी सुपरवायझरनं ठोकळा दिला, "एक बाजू सपाट कर." दुपारपर्यंत घासला. त्यांनी ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरला. दोन्ही कडांना फट, मध्ये पोट. एक शब्द न बोलता त्यांनी झाडूकडे बोट दाखवलं. पुढचे दोन महिने मी चिप्स, म्हणजे मशीनखाली पडलेला लोखंडाचा कीस, भरल्या.

हे पोट का येतं ते नीट वाचा. कानस पुढे ढकलताना सुरुवातीला दाब डाव्या हाताचा, म्हणजे टोकाकडचा. मध्यावर दोन्ही हातांचा सारखा. शेवटी उजव्या, मुठीकडच्या हाताचा. दाब असा सरकला नाही की कानस झोपाळ्यासारखी डुलते आणि कडा खाते. मागे आणताना दाब द्यायचाच नाही. व्हाइस कोपराच्या उंचीला हवा. माझा उंच होता, पायाखाली फळी घ्यायचंही सुचलं नाही. वाचायला दोन मिनिटं. हाताला कळायला मला चार महिने लागले, तेही जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या तुकड्यांवर.

व्हिडिओ बघून हात बसत नाही, कोणी काहीही म्हणो. आणि लगेच सही देणाऱ्या सरांपेक्षा जॉब तीनदा परत करणारे सर धरा, शिव्या खाव्या लागल्या तरी.

मशीन बंद आहे म्हणून घाबरू मात्र नका. कानस, हॅकसॉ (लोखंड कापायची करवत), ट्राय स्क्वेअर, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) एवढ्यावर हाताचं बरंच काम शिकून होतं. व्हर्नियर 0.02 मिमीपर्यंत आणि त्याहून बारीक मापणारा मायक्रोमीटर 0.01 पर्यंत न अडखळता वाचता आला पाहिजे. मला तिथेही घाम फुटला होता. लोखंड मिळत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे पट्टीचे तुकडे मागा, भंगाराच्या भावात देतो.

ते कपाट अजून असेल. त्यात माझ्या नंबराचाही एक जॉब आहे. तो कुणी घासला होता, मलाही माहीत नाही.