दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये मेमरी बसवताना

एकापेक्षा अधिक प्रोसेसर असलेल्या सर्व्हरमध्ये मेमरी मॉड्यूल (मेमरीची पट्टी) स्लॉटमध्ये दाबून बसवणे हे सर्वांत सोपे काम असते. खरा विचार करावा लागतो तो कोणते मॉड्यूल कोणत्या स्लॉटमध्ये घालायचे याचा. अशा सर्व्हरमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे प्रत्येक प्रोसेसरचे स्लॉट स्वतंत्र असतात आणि ज्या सॉकेटमध्ये प्रोसेसर बसवलेला नाही त्याच्या स्लॉटमधील मेमरी सर्व्हरला दिसतच नाही.

खरेदीपूर्वी सर्व्हरच्या पुस्तिकेतील मेमरीचा तक्ता वाचावा. आरडिम (रजिस्टर चिप असलेले), एलआरडिम (भार कमी करणारे बफर असलेले) आणि यूडिम (बफर नसलेले) हे मॉड्यूलचे प्रकार एकत्र चालत नाहीत. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या मेमरीच्या दोन पिढ्यांच्या मॉड्यूलना २८८ पिना असल्या, तरी मधल्या खाचेची जागा वेगळी असल्यामुळे एकाचे मॉड्यूल दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही, आणि तसा प्रयत्न बळाने करू नये. शक्यतो सर्व मॉड्यूल एकाच क्षमतेचे, रँकचे (म्हणजे एकत्र चालणाऱ्या चिपांच्या गटांची संख्या सारखी असलेले) आणि वेगाचे घ्यावेत. वेग निरनिराळे असल्यास सर्व मेमरी सर्वांत मंद मॉड्यूलच्या वेगाने चालते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे वाटणी. दोन प्रोसेसर, प्रत्येकी आठ चॅनेल (प्रोसेसरपासून मेमरीपर्यंतचे स्वतंत्र मार्ग) आणि प्रत्येक चॅनेलला दोन स्लॉट, असे एकूण ३२ स्लॉट आहेत असे समजू. ५१२ जीबी मेमरी हवी असेल, तर ६४ जीबीचे आठ मॉड्यूल घेण्यापेक्षा ३२ जीबीचे सोळा घेऊन प्रत्येक चॅनेलवर एकेक बसवणे माझ्या मते केव्हाही श्रेयस्कर, कारण रिकाम्या राहिलेल्या चॅनेलची बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, वायाच जाते. सगळे मॉड्यूल एकाच प्रोसेसरकडे देण्याची चूक तर मुळीच करू नये. तसे केल्यास दुसऱ्या प्रोसेसरला प्रत्येक वेळी पहिल्याच्या मेमरीपर्यंत जावे लागते आणि विलंब वाढतो. उलट, चॅनेलवर दुसरे मॉड्यूल घातल्यास वेग उतरू शकतो: इंटेलच्या चौथ्या पिढीच्या झिऑन स्केलेबल प्रोसेसरवर चॅनेलला एक मॉड्यूल असताना सेकंदाला ४८०० मेगाट्रान्सफर (एक मेगाट्रान्सफर म्हणजे दहा लाख डेटा-हस्तांतरणे) मिळतात, तर दोन असताना ४४००. क्षमता खरोखरच लागणार असेल तर ही घट पत्करावी.

सर्व्हर बंद करून सर्व वीजकेबल काढाव्यात आणि मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधावा. मॉड्यूल कडांना धरून, खाच जुळवून, दोन्ही टोकांवर सारखा दाब देत क्लिप आपोआप मिटेपर्यंत बसवावे. पुस्तिकेने रिकाम्या स्लॉटसाठी डमी मॉड्यूल सांगितले असतील तर ते काढू नयेत. हवेचा प्रवाह त्यांच्यावर अवलंबून असतो.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहिला तरी घाबरून वीज तोडू नये, कारण त्या वेळात मेमरीचे ट्रेनिंग, म्हणजे प्रोसेसर आणि मॉड्यूल यांच्यातील संकेतांची जुळवणी, चाललेले असते. त्यानंतर बायोसमध्ये (सर्व्हरच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) एकूण क्षमता आणि वेग पाहावा. नोड म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याची मेमरी; सर्व नोडांची मेमरी एकत्र मिसळणारे नोड इंटरलीव्हिंग सहसा बंदच ठेवावे, म्हणजे कोणती मेमरी कोणत्या प्रोसेसरजवळ आहे हे ऑपरेटिंग सिस्टिमला कळते. मिररिंग सुरू केल्यास पूर्ण मेमरीची प्रत ठेवली जाते, त्यामुळे ५१२ पैकी २५६ जीबीच वापरता येतात. एका मॉड्यूलच्या बिघाडाने थांबून चालणार नाही अशाच कामासाठी हा खर्च परवडतो.

लिनक्सवर डीएमआयडिकोड ही आज्ञा प्रत्येक स्लॉटमधील मॉड्यूल आणि त्याचा प्रत्यक्ष वेग दाखवते, तर न्यूमासीटीएल प्रत्येक नोडची मेमरी दाखवते. नोडांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एखादे मॉड्यूल दिसत नसेल तर ते काढून पुन्हा बसवावे, आणि तरीही दिसत नसेल तर चांगल्या स्लॉटमधील मॉड्यूलशी त्याची अदलाबदल करावी: दोष मॉड्यूलबरोबर नव्या जागी गेला तर मॉड्यूल बदलावे, जुन्याच जागी राहिला तर स्लॉट किंवा प्रोसेसर सॉकेटच्या पिना तपासून घ्याव्यात.