पोरांसाठी भाड्याची गाडी ठरवताय? दारूचं आधी बोला

बारावीचा सेंड ऑफ, क्लासच्या पोरांची चिखलदऱ्याची ट्रिप, नाहीतर मित्राच्या दादाचं वऱ्हाड. नागपुरात अशा वेळी ट्रॅव्हलर किंवा मिनी बस ठरते आणि चौकशी होते ती एसीची, गाण्यांची आणि किलोमीटरच्या दराची. दारूचा विषय कुणी काढत नाही. तो अॅडव्हान्स देण्याआधीच काढा. गाडी एकदा अमरावती रोडला लागली, की पंधरा पोट्ट्यांपुढे ड्रायव्हर एकटा पडतो.

कायदा आधी समजून घ्या. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची अट 21 वर्षं आहे, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी 25, आणि वर परवानाही लागतो. त्यामुळे ‘मी अठराचा झालो’ हे उत्तर चालत नाही. 18 च्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 नुसार 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चिखलदऱ्याला जाताना कोंढाळीनंतर कारंजा आणि तळेगाव लागतं. ही गावं वर्धा जिल्ह्यात येतात आणि तिथे दारूबंदी आहे.

आता बुकिंग. पावतीवर गाडीमालकाकडून हे लिहून घ्या: ‘प्रवासी 21 वर्षांखालील आहेत. गाडीत दारू चालणार नाही. सापडल्यास गाडी परत फिरेल, भाडं परत मिळणार नाही.’ मालक कां-कूं करत असेल तर दुसरी गाडी बघा.

ड्रायव्हरला निघण्याआधी स्वतः भेटा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. पोरं त्याला शे-दोनशे देऊन वाईन शॉपसमोर गाडी थांबवायला लावतात. म्हणून त्याचा भत्ता तुम्ही आधीच हातात द्या आणि सांगा, “भाऊ, पोरांनी कुठे थांबा म्हटलं तर आधी मला फोन करा. रात्रीचे दोन वाजले तरी चालेल, तुम्हाला कोणी बोलणार नाही.” थांबे तुम्हीच ठरवा. शेजारी परमिट रूम असलेला ढाबा नको.

सोबत एक जबाबदार मोठा माणूस हवा, मुली असतील तर एक बाईही. त्यांनी ड्रायव्हरजवळ बसून उपयोग नाही. जे काही चालतं ते शेवटच्या सीटवर, पडद्याआड चालतं. त्यांनी तिथेच बसावं.

गाडीत चढताना पोरांच्या बॅगा उपसू नका, अपमान होतो आणि पोरं हट्टाला पेटतात. मोठ्या बॅगा डिक्कीत टाका, किल्ली ड्रायव्हरकडे ठेवा. पाण्याची कॅन आणि कोल्ड्रिंक तुम्हीच घ्या, घरून आणलेल्या बाटल्या आत नकोत. दारू बहुतेक वेळा कोल्ड्रिंकमध्ये मिसळूनच येते. सीलबंद बाटलीच्या झाकणाखालची कडी झाकणाला जोडलेली असते. ती तुटलेली दिसली तर बाटली खाली ठेवायला लावा.

हा नियम पोरांना आदल्या दिवशी, आईवडिलांसमोर सांगा. ज्याला प्यायचीच नाही अशा पोरालाही त्याचा आधार होतो. मित्रांनी आग्रह केला तर त्याला ‘काका गाडी परत फिरवतील’ म्हणता येतं.

वऱ्हाडाची गाडी मात्र अवघड, कारण तिथे पाजणारे घरचेच असतात. पोरांची गाडी वेगळी करा आणि तिची जबाबदारी न पिणाऱ्या मामा-काकाकडे द्या.

एवढं करूनही बाटली सापडली तर कुणालाही हायवेवर उतरवू नका. घरी फोन लावा, गाडी फिरवा. एखादं पोरगं हाक मारून उठत नसेल, थंड पडलं असेल किंवा श्वास अडखळत असेल, तर ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणू नका. कॉफी पाजू नका, अंगावर पाणी ओतू नका. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. 108 ला फोन करा आणि एकाने सतत जवळ बसा. दवाखान्यात जाताना बाटली सोबत घ्या. काय प्यायला, किती आणि केव्हा, हे डॉक्टरांना खरंखरं सांगा.