नव्या बांधलेल्या इंजिनचं रनिंग-इन: ट्यूनिंगला नेण्याआधीची तयारी

रनिंग-इन म्हणजे नवे भाग एकमेकांशी जुळेपर्यंतचं इंजिनचं सुरुवातीचं चालवणं. ताकदीसाठी बांधलेलं इंजिन या काळात जपून, हळूहळू चालवायचं, हा समज आधी बाजूला ठेवा. पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीची धातूची कडी) स्वतःच्या ताणाने बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, जेमतेम टेकलेली असते. तिला खरा दाब मिळतो तो ज्वलनाच्या वायूचा. हा वायू रिंगच्या वरून आणि मागून शिरतो आणि तिला भिंतीकडे रेटतो. होनिंगने (बोअर दगडाने घासण्याने) बोअरवर उमटलेल्या तिरप्या रेघांची टोकं धारदार आहेत तोवर हा दाब मिळाला, तर रिंग आणि भिंत एकमेकांना घासून जुळतात. नाही मिळाला तर टोकं नुसतीच गुळगुळीत होतात, भिंतीवर जळक्या ऑइलचा चकचकीत थर चढतो, आणि इंजिन उघडून पुन्हा होनिंग करण्यावाचून इलाज उरत नाही. या जुळणीचा मोठा भाग सुरुवातीच्या काही तासांतच उरकतो. एकदा सुरू केलेलं इंजिन क्षुल्लक कारणांसाठी पुन्हापुन्हा बंद करावं लागू नये, यासाठी बरीचशी यादी किल्ली फिरवण्याआधीची आहे.

सुरुवात ऑइलपासून. रनिंग-इनसाठी वेगळं मिनरल ऑइल मिळतं, तेच घ्या. त्यात झिंक-फॉस्फरस भरपूर असतं आणि घर्षण कमी करणारी खास रसायनं नसतात. इथे थोडं घर्षण आपल्याला हवंच आहे. कारखान्यातून निघणाऱ्या अनेक गाड्या पहिल्या दिवसापासून सिंथेटिक ऑइलवर चालतात हे खरं, पण तिथलं बोअरचं फिनिशिंग त्या हिशेबाने केलेलं असतं. इंजिन बांधणाऱ्या तुमच्या बिल्डरने काही वेगळं सांगितलं असेल तर त्याचं ऐका, कारण रिंगा कोणत्या धातूच्या आहेत आणि होनिंग कोणत्या दगडाने केलं हे त्याला माहीत आहे. ऑइल आणि फिल्टर किमान तीन बदलांपुरते आणून ठेवा.

इंजिन बांधताना बेअरिंगना लावलेलं असेंब्ली ल्यूब पहिले काही क्षणच निभावतं. म्हणून सुरू करण्याआधी ऑइल सगळीकडे पोचवा. सगळे स्पार्क प्लग काढा, इंजेक्टर आणि इग्निशनचे कनेक्टर सोडवा, आणि मधे स्टार्टरला विश्रांती देत थोडा थोडा वेळ सेल्फ मारा. प्लग नसल्याने कॉम्प्रेशन होत नाही आणि बेअरिंगवर भार येत नाही. ऑइल प्रेशर गेजचा काटा हलून स्थिर होईपर्यंत पुढे जायचं नाही. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका, आकडा दाखवणारं गेजच लावा. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) असेल तर त्याच्या फीड लाइनमध्ये आधी हाताने ऑइल ओता आणि ड्रेन पाइप कुठेही वर न चढता सरळ उतारावर आहे ना ते पाहा. टर्बोतलं ऑइल संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) केवळ उताराने परततं. पाइपला पोट पडलं तर ते टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून धूर येऊ लागतो.

आता ज्या कामाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं ते: बेस मॅप, म्हणजे ईसीयूत (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) भरलेली पेट्रोल आणि ठिणगीची सुरुवातीची सेटिंग. ट्यूनिंगच्या आधीही थोडं ट्यूनिंग लागतं. मोठे इंजेक्टर बसवले असतील तर त्यांचा प्रवाह आणि डेड टाइम (वीज मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतचा वेळ) ईसीयूत अचूक भरलेला असला पाहिजे. नाहीतर मिश्रण इतकं रिच (पेट्रोल जास्त असलेलं) होतं की जास्तीचं पेट्रोल बोअरवरचा ऑइलचा थर धुऊन टाकतं. नव्या रिंगा बिघडवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर पहिल्या दिवसापासून लावा. आयडलिंगला आणि हलक्या क्रूझला १४.७ च्या आसपास, लोडवर १२.५ च्या आसपास, एवढं साधलं तरी रनिंग-इनपुरतं पुरे. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) ईसीयूत एका ठरावीक अंशावर लॉक करून टायमिंग लाइटने पुलीवर पडताळा. स्क्रीनवरचा आकडा आणि क्रँकची खरी स्थिती वेगवेगळी असणं नव्या बांधणीत नेहमीचं आहे. क्रँकची जुनी डॅम्पर पुली वापरली असेल तर तिची बाहेरची कडी सरकलेली नाही ना, तेही बघा, कारण मग खूणच खोटी ठरते. टायमिंग मवाळ ठेवा, रेव्ह लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) खाली आणा, टर्बोचा हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, वाढवणारा कंट्रोलर काढून फक्त वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर चालवा.

कूलिंग सिस्टीममधली हवा काढणं, फॅन योग्य तापमानाला लागतो की नाही, फ्युएल लाइन पंप चालू ठेवून प्रेशरवर तपासणं, क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी नळी) मोकळा असणं ही कामं झटपट होतात, पण टाळू नका. अग्निशामक हाताशी ठेवा आणि गळती बघायला दुसरा माणूस हवाच.

पहिला स्टार्ट कसा करायचा हे कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टवर) ठरतं. फ्लॅट टॅपेट कॅम, म्हणजे सपाट टॅपेटवर घासत फिरणारा कॅम, असेल तर इंजिन लागताच २,००० ते २,५०० आरपीएमला न्या आणि आरपीएम थोडा वरखाली करत २० ते ३० मिनिटं तिथेच ठेवा. कॅमच्या लोबवर (फुगवट्यांवर) ऑइल मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांनी पोचतं, आयडलिंगला ते पुरत नाही. अशा कॅमसोबत कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग असतील तर या वेळेपुरत्या हलक्या स्प्रिंग बसवणं उत्तम. रोलर कॅमला, ज्यात घासण्याऐवजी चाक फिरतं, यातलं काही लागत नाही. गळती नाही, ऑइल प्रेशर ठीक आहे, तापमान स्थिर आहे, एवढं पाहून झालं की आयडलिंगवर रेंगाळू नका, गाडी बाहेर काढा. फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन थंड असताना टकटक आवाज करतात. त्यांना जास्त क्लिअरन्स दिलेला असतो आणि गरम झाल्यावर तो भरून येतो. गरम झाल्यावरही आवाज राहिला तर मात्र थांबा.

रस्ता मोकळा हवा. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये साधारण २,५०० पासून ४,५०० आरपीएमपर्यंत अर्ध्या थ्रॉटलवर ओढा, मग पाय पूर्ण काढून गाडी गिअरमध्येच मंदावू द्या. ओढताना रिंगेवर दाब येतो. सोडल्यावर सिलिंडरमध्ये निर्वात तयार होऊन ऑइल वर खेचलं जातं, रिंगा थंडावतात आणि घासून निघालेले कण धुतले जातात. चक्राचे दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. हे चक्र पुन्हापुन्हा करा, हळूहळू थ्रॉटल वाढवा. एकाच आरपीएमवर लांब क्रूझ नको.

पहिलं ऑइल पहिल्या स्टार्टनंतर किंवा जास्तीत जास्त ८० ते १०० किलोमीटरवर काढा. फिल्टर फेकू नका. कापा, कागद पिळून उजेडात उघडा. करडी बारीक भुकटी अपेक्षितच आहे. चुंबकाला न चिकटणारे चमकदार पापुद्रे बेअरिंगचे असू शकतात. ते दिसले तर गाडी पुढे चालवू नका. पुढचा बदल ५०० किलोमीटरच्या सुमारास. इंजिनने ऑइल खाणं थांबवल्यावरच सिंथेटिककडे वळा.

नवा क्लच असेल तर त्यालाही वेळ लागतो. पुष्कळ उत्पादक ८०० किलोमीटरच्या आसपास, गिअर वारंवार बदलत केलेला वापर सांगतात. इंजिन तयार आणि क्लच कच्चा अशा अवस्थेत डायनोवर (ट्यूनिंगसाठी गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गेलात तर क्लच घसरतो आणि दिवस वाया जातो.

ट्यूनिंगची तारीख ठरवण्याआधी गरम इंजिनवर कॉम्प्रेशन मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. मोठ्या कॅममुळे आकडे कमी दिसतील, त्याची चिंता नको. सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. मग लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते मोजणं: १० टक्क्यांखाली गळती असेल तर चांगलं. जास्त असेल तर कान लावा. ऑइल कॅपमधून फुसफुस आली तर रिंगा, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. दोष रिंगांचा असेल तर तारीख पुढे ढकला, आणखी काहीशे किलोमीटर लोडवर चालवून पुन्हा मोजा.

ट्यूनरकडे नेताना हे आकडे, इंजेक्टरची माहिती आणि लॉग सोबत द्या. टाकीत तेच पेट्रोल भरा ज्यावर गाडी पुढे चालणार आहे, कारण टायमिंगची मर्यादा ऑक्टेनवर ठरते. बूस्ट वाढणार असेल तर एक पायरी थंड हीट रेंजचे (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) नवे प्लग बसवा आणि रनिंग-इनचे जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने जपून ठेवा. ट्यूनरला ते बघायला आवडतील.