चोवीस तासांची लघवी एका क्षणाची म्हणून नोंदवू नका

सोलापुरात दवाखान्यांसाठी, लॅबसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी एवढं एक जरूर सांभाळावं. रक्तदाब मोजला तो क्षण. २४ तासांची लघवी गोळा केली तो कालावधी. एचएल७ फायर (आरोग्याची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात पाठवायचं मानक) यात निरीक्षणाच्या नोंदीत दोन्हींची वेगळी सोय आहे: ‘इफेक्टिव्ह डेटटाइम’ आणि ‘इफेक्टिव्ह पीरियड’. लघवी गोळा करायचा कॅन सकाळी ७ ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी ७ ला संपला, तर दोन्ही वेळा पीरियडमध्ये भरा. नुसती जमा केल्याची वेळ टाकली, तर प्रथिनं किती तासांत गेली हे पुढच्या डॉक्टरांना कळणार कसं?

खरी गोची शेवटच्या वेळेची. पीरियडचा शेवट रिकामा सोडला की अर्थ होतो ‘अजून चालू आहे’. बंद केलेली गोळी मग यादीत चालूच दिसते. वॉरफेरिनसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधात हे जिवावर बेतू शकतं. शेवटाला नुसती तारीख दिली तर तो अख्खा दिवस धरला जातो. म्हणून सलाइन दुपारी २ ला काढलं तर तास-मिनिटं लिहा, सोबत भारतीय वेळेचं +०५:३०. वेळ दिली की टाइमझोन सक्तीचा.

आजी म्हणतात, “गड्ड्याच्या यात्रेपासून गुडघा धरलाय.” ही सोलापूरची यात्रा जानेवारीतली, पण तिथं उगाच १ तारीख ठोकू नका, ‘२०२५-०१’ एवढंही फायरला चालतं.

ओपनईएचआर या रुग्णनोंदींच्या दुसऱ्या मानकात मात्र कालावधीच्या घटनेची वेळ म्हणजे त्याचा शेवट, लांबी वेगळी ‘विड्थ’मध्ये. तिथून फायरमध्ये आणताना सुरुवात वजाबाकी करून काढा.